जुन्या ट्रकचा रंग आणि त्याची चमक कशी ठरवावी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

जुना ट्रक दारात येऊन उभा राहिला की आठवडाभरात घरातला प्रत्येक जण त्याला रंग सुचवतो. कुणाला लाल हवा असतो, कुणाला "तो सिनेमातल्यासारखा निळा", आणि शेजारचे एक जण हमखास सांगतात की गाडी पांढरी असली की गरम कमी होते. शेडकार्ड आणायला लगेच धावू नका. जुन्या ट्रकचा रंग बहुतेक वेळा त्या ट्रकवरच कुठेतरी शिल्लक असतो. तो शोधायला एक रविवार लागतो आणि त्या रविवारामुळे पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

मी लिहितोय ते नाक पुढे असलेल्या, म्हणजे बोनेटच्या जुन्या ट्रकांबद्दल. आमच्याकडचा १९६६चा टाटा-मर्सिडीज आहे. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, त्यात गुळाचे रवे (ढेपा) भरून कोल्हापूरच्या शाहूपुरीत वर्षानुवर्षं नेले. तुमचा फार्गो, डॉज किंवा बेडफर्ड असेल तरी पद्धत तीच.

आधी आपला ट्रक कुणी रंगवला होता ते समजून घ्या

टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला, बोनेटच्या पुढच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचा 'टी' आला. म्हणजे जाळीवर मूळचा तारा असेल तर गाडी त्या पंधरा वर्षांतली. फार्गो आणि डॉज कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून यायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी.

नवखे लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. त्या काळात आपल्याकडे बरेचसे ट्रक पूर्ण बनून येत नसत. कारखान्यातून यायची ती चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), इंजिन आणि पुढचं तोंड. केबिन आणि मागचा, माल भरायचा हौदा बॉडीबिल्डर बांधायचा: सागवानी नाहीतर बाभळीची चौकट, वर पत्रा, आणि मागे लोखंडी पट्ट्या मारलेला फाळका. त्यामुळे "कारखान्याचा मूळ रंग" हा शब्द फार तर बोनेट, जाळी आणि मडगार्डांना लागू पडतो. केबिनचा रंग ठरवला तो मालकाने, आणि लावला तो गावातल्या पेंटरने. परदेशी ट्रकांचे जुने कॅटलॉग इंटरनेटवर बघून आपल्या गाडीचा रंग ठरवू नका. आपल्या गाडीला दोन बाप आहेत, एक कारखाना आणि एक बॉडीबिल्डर. रंग ठरवताना दोघांचाही विचार करावा लागतो.

रंग शोधण्याचा रविवार

साहित्य थोडंच लागतं: ४००, ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), बादलीभर पाणी, दोन थेंब साबण, पाने-स्क्रू ड्रायव्हर आणि फोनचा कॅमेरा.

ऊन आणि पाऊस जिथे पोचत नाही तिथे बघायचं. पुढच्या काचेच्या रबराखाली. दाराच्या बिजागरीच्या पट्टीमागे. डॅशबोर्डखालच्या ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या भिंतीवर. कंपनीची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट असेल तर तिच्या मागे. सीटखालच्या पत्र्यावर. आमच्या ट्रकला बाहेरून विटकरी लाल होता आणि घरात सगळे शपथेवर सांगत होते की "हा पहिल्यापासून लालच". वायपरची मोटर काढली तर तिच्या मागे हाताच्या पंजाएवढा, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा हिरवट निळा निघाला. वर धुळीचा थर होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग असा उजळला की काल लावलाय असं वाटावं.

मग एखाद्या सपाट जागी, दाराच्या खालच्या भागात म्हणा, रुपयाच्या नाण्याएवढी जागा ४००च्या ओल्या कागदाने पत्रा दिसेपर्यंत घासायची. आता भोवतीचा घेर ६००ने आणि मग १०००ने हळूहळू मोठा करत जायचं. कडा तिरपी घासली गेली की रंगाचे सगळे हात कड्यांसारखे उघडे पडतात, अगदी झाडाच्या बुंध्यावरच्या वर्तुळांसारखे. आमच्या दारावर मधोमध पत्रा, त्याभोवती गेरूसारखा रेड ऑक्साइड प्रायमर (रंगाखालचं अस्तर), मग हिरवट निळा, मग करड्या प्रायमरची बारीक रेघ, पिवळा, पुन्हा प्रायमर आणि शेवटी लाल. सहा वर्तुळांत साठ वर्षं. फोटो घ्या, आणि घेताना शेजारी पांढरा कोरा कागद ठेवा म्हणजे नंतर रंगाचा अंदाज चुकत नाही.

हे घासणं ओलंच करा. जुन्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं, आणि रेड ऑक्साइड दिसतो त्या थरातही शिशाचा रंग मिसळलेला असू शकतो. कोरडं ग्राइंडर फिरवलं तर ती धूळ घरभर जाते. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, घासलेलं पाणी झाडांना घालू नका, आणि तेच कपडे घालून जेवायला बसू नका.

याच दिवशी आणखी एक काम उरकून घ्या. फाळक्यावर, दारांवर, केबिनच्या कपाळावर जे काही लिहिलेलं किंवा काढलेलं असेल त्यावर बटर पेपर चिकटवून पेन्सिलीने जसंच्या तसं उतरवून घ्या. "ज्योतिबा प्रसन्न" असेल, कमळ असेल, गाय-वासरू असेल. अक्षराची जाडी, सावली कुठल्या बाजूला आहे, उकाराला किती वळण आहे, सगळं. एकदा वॉटर पेपर मारला की ते हस्ताक्षर कायमचं गेलं. मला आजही हळहळ वाटते ती आमच्या डाव्या दाराची. तिथे आबांचं नाव होतं, आणि मिस्त्रींनी सकाळी लवकर येऊन उत्साहाने ते दार आधी घासलं.

कागदपत्रं

रंग हा आरसी बुकातला तपशील आहे. गाडी रस्त्यावर चालणार असेल आणि रंग बदलणार असेल तर आरटीओत अर्ज करून तशी नोंद करून घ्या. शक्यतो रंगकाम सुरू करायच्या आधीच तिथे विचारून या.

ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१व्या नियमाप्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यातला सैन्याचा शक्तिमान ट्रक लिलावात घेऊन त्याला सैन्यातलाच हिरवा पुन्हा द्यावा असं अनेकांना वाटतं. ती गाडीच्या इतिहासाबद्दलची ओढ आहे हे मला समजतं, पण नागरी नोंदणीवर ते चालत नाही. अशा गाडीला राखाडी, वाळूचा किंवा गडद बाटलीचा हिरवा शोभतो, पण हिरवा घेतलात तर तो ऑलिव्हपासून स्पष्ट वेगळा दिसला पाहिजे. सुकलेल्या पानासारखा तपकिरी आणि त्याला रुंद पांढरी किनार ही नॅशनल परमिटच्या गाड्यांची खूण आहे. तुमच्या ट्रकला तसा परमिट कधी नव्हताच, तर तो पोशाख कशाला?

केंद्राने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. ते खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. मालट्रकला ते आपोआप लागू होतील असं धरून चालू नका.

कोणत्या थरावर थांबायचं?

आता तुमच्यापुढे दोन-तीन रंग आहेत, कारण गाडी आयुष्यात दोन-तीनदा रंगलेली आहे. सगळ्यात खालचाच रंग द्यायला हवा असा काही दंडक नाही. आमच्या घरात यावर दोन महिने चर्चा चालली. वडिलांच्या आठवणीतली गाडी पिवळी होती, ते त्या रंगाच्या गाडीत बसून शाळेत जायचे. शेवटी आम्ही हिरवट निळा घेतला, कारण तो आबांनी स्वतः निवडलेला होता, आणि जाळीच्या आतल्या पट्ट्या व चाकांच्या डिस्क पिवळ्या ठेवल्या. तुम्ही प्रदर्शनात मांडणार असाल तर पहिला थर घ्या. घरच्या आठवणीसाठी गाडी उभी करत असाल तर ज्या काळातली गाडी आठवते त्या काळाचा घ्या. पण एकच काळ घ्या. बोनेट १९६६चा, फाळका १९८५चा आणि बंपर कालचा, अशी गाडी कुणाच्याच आठवणीतली होत नाही.

अजून एक वाट आहे आणि ती मला फार प्रिय आहे: रंगवायचंच नाही. जुना रंग सत्तर टक्के शाबूत असेल, त्यावरचं हातानं लिहिलेलं टिकून असेल, तर गाडी नुसती सौम्य साबणाने धुवा, हलक्या हाताने रबिंग कंपाउंड (चमक आणायची घासण्याची पेस्ट) फिरवा, जिथे गंज धरलाय तिथे तेवढाच साफ करून गंजरोधक लावा आणि वर मेण चढवा. अक्षरांवरून कंपाउंड फिरवू नका, ती पहिल्या फिरवण्यातच पातळ होतात. आणि गंजावरून थेट क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा मोह टाळा. आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत क्लिअरखाली भुऱ्या नक्ष्या उमटतात.

शेड नक्की करणं

सापडलेल्या जुन्या रंगाचा तुकडा, शक्यतो सुटा भाग, पुसून आणि किंचित पॉलिश करून रंगाच्या दुकानात न्या. मोठ्या दुकानांत रंग मोजायचं यंत्र असतं, ते त्याच्या जवळचं मिश्रण काढून देतं. यंत्र सांगेल तो पहिला अंदाज समजा. जुना रंग अंधारात राहूनही थोडा पिवळसर झालेला असतो, विशेषतः पांढरे आणि निळे.

मूळ रंग सापडलाच नाही तर भारतीय मानक आयएस ५ चं कार्ड मागा. रेडीमिक्स पेंट आणि इनॅमलच्या शेड त्यात नंबरांनी दिलेल्या आहेत. सिग्नल रेड ५३७, पोस्ट ऑफिस रेड ५३८, कॅनरी यलो ३०९, गोल्डन यलो ३५६, ऑक्सफर्ड ब्लू १०५. जुन्या पेंटरांच्या डब्यात याच कुळातले रंग असायचे. म्हणून हे रंग जुन्या गाडीवर परके वाटत नाहीत. आजच्या मोटारींच्या शेड, त्यातही मेटॅलिक, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकवर लगेच डोळ्यात खुपतात. शिवाय मेटॅलिकला एका जागी टचअप करता येत नाही. स्प्रे गनमधून अ‍ॅल्युमिनियमचे कण कसे बसले यावर त्याची छटा ठरते, त्यामुळे डाग दिसतोच.

आमच्याकडे बोर्ड रंगवणारे एक वृद्ध पेंटरकाका आहेत. मी दुकानातून आणलेला डबा उघडून त्यांना दाखवला, तर त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही. "रंग डब्यात बघायचा नसतोय, पत्र्यावर बघायचा," म्हणाले. "आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, तिन्ही टायमाला बघ."

तेच करा. फूटभर लांबी-रुंदीचे तीन-चार पत्र्याचे तुकडे घ्या, गाडीला वापरणार तोच प्रायमर मारा, त्यावर रंगाचे दोन हात द्या. एक तुकडा किंचित वाकवा, कारण मडगार्डाच्या गोलाईवर रंग सपाट पत्र्यापेक्षा फिकट आणि गडद दोन्ही दिसतो. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात वेगळ्या पडतात, हा भास नसतो. रंगद्रव्यं वेगळी असली की असंच होतं. म्हणून तुकडे बाहेर अंगणात गाडीला टेकवून ठेवा आणि पंधरा पावलं मागे जाऊन बघा. ट्रक कुणी हातभर अंतरावरून बघत नाही.

दोन गोष्टी अनुभवाच्या. मोठ्या पृष्ठभागावर रंग तुकड्यापेक्षा जास्त भडक वाटतो, त्यामुळे दोन छटांत अडकलात तर मळकट असेल ती घ्या. आणि काळा, गडद निळा, गडद हिरवा यांच्या चकचकीत पृष्ठभागावर पत्र्यातला प्रत्येक पोचा दिसतो. साठ वर्षं माल वाहिलेल्या गाडीच्या दाराला शंभर पोचे असतात. मधल्या गडदपणाचा रंग ते सोसून घेतो.

चमक: इथेच गाडी बिघडते

रंग बरोबर निवडून चमक चुकलेले ट्रक मी कितीतरी पाहिलेत. सगळी गाडी, चासीपासून फाळक्यापर्यंत, आरशासारखी. ती गाडी खेळण्यातली दिसते. त्या काळी केबिन चकचकीत असायची, पण ती चमक इनॅमलची, थोडी मऊ. पाहणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसायचा नाही, खिडकीतून येणारा उजेड दिसायचा. चासी जेमतेम अर्धी चमकायची. हौदा तर ब्रशनेच रंगवलेला, लाकडाचे धागे वर दिसणारे.

म्हणून चमक भागाभागाने ठरवा. केबिन, बोनेट, मडगार्ड यांना ग्लॉस, म्हणजे चकचकीत. चासी, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अ‍ॅक्सल यांना सॅटिन, म्हणजे अर्ध्या चमकेचा, काळा. चाकांच्या डिस्कना ग्लॉस किंवा सॅटिन, पण केबिनपेक्षा जास्त नको. डॅशबोर्डच्या वरच्या पत्र्याला मॅट, म्हणजे बिनचमकेचा, नाहीतर दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब पडून चालवताना त्रास होतो. हौद्याच्या लाकडाला आधी गुलाबी वुड प्रायमर आणि मग सिंथेटिक इनॅमल, ब्रशने. हौद्यावर गन फिरवू नका. फळ्यांच्या फटीत रंग पोचत नाही आणि दिसतंही खोटं.

सॅटिन आणि मॅटला पॉलिश करायचं नसतं हे आत्ताच घरच्यांना सांगून ठेवा. एकदा कुणी कापडाने जोर लावून चोळलं की तिथे चकाकता डाग पडतो आणि तो जात नाही.

रंगाची जातही चमकेशी बांधलेली आहे. आपल्या बाजारात तुमच्यापुढे तीन येतील.

सिंथेटिक इनॅमल सगळ्यात स्वस्त. ब्रशनेही लागतो, गननेही. स्पर्शाला काही तासांत वाळतो, पण आतून कडक व्हायला आठवडे घेतो. उन्हात काही वर्षांनी त्याची चमक उतरते आणि हाताला पावडर लागायला लागते. जुन्या ट्रकवर सगळ्यात खरा दिसणारा रंग हाच, आणि एखादा भाग खरवडला तर घरी ब्रशने दुरुस्त करता येतो.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, गॅरेजवाल्यांच्या भाषेत ड्यूको. नाव ड्यूपाँट कंपनीच्या ड्यूको रंगावरून पडलं. १९२०च्या दशकात अमेरिकेत तो आला आणि मोटारी रंगवायला लागणारे दिवस तासांवर आले. काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे धूळ बसत नाही. पण पातळ असतो, पाच-सहा हात द्यावे लागतात, आणि कंपाउंडने घासल्याशिवाय चमक येत नाही. पेट्रोल-डिझेल सांडलं की डाग पडतो. घासण्यात आनंद मिळणाऱ्यांनी हा जरूर घ्यावा.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, दोन डब्यांचा रंग: एक रंगाचा आणि एक हार्डनरचा. सगळ्यात टिकाऊ. डिझेल, ऊन, पाऊस सगळं सोसतो. गाडी कामाला जुंपणार असाल तर केबिनला पीयू घ्या, पण सिंगल स्टेज घ्या, वर वेगळा क्लिअर नको. क्लिअरमुळेच ती काचेसारखी खोल चमक येते जी जुन्या गाडीला शोभत नाही. दुकानदाराला सांगून त्यात मॅटिंगचं द्रव्य घालून चमक थोडी उतरवताही येते. त्याचाही तुकडा आधी करून बघा.

पीयूबद्दल एक गोष्ट मी दोनदा लिहीन. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचं धुकं श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून, बंद शेडमध्ये पीयू मारू नका. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या गॅरेजकडूनच हे काम करून घ्या. पुन्हा सांगतो, रुमाल बांधून नाही. घरी करायचं असेल तर सिंथेटिक इनॅमल घ्या.

खाली काय आहे त्यावर वर काय बसेल

जुना रंग पूर्ण काढणार नसाल तर तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर घेऊन रंगावर अर्धा मिनिट धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो ड्यूको. सुरकुतून वर आला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर पीयू. सिंथेटिकवर एनसी किंवा पीयू थेट मारला तर वरचा थिनर खालचा रंग उचलतो आणि सबंध दारावर सुरकुत्या पडतात. मग खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

पत्र्यापर्यंत जाणार असाल तर क्रम साधा आहे. गंज काढा, डेंटिंग करा, त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर गंजाची तांबूस झाक असते. बरेच दिवस काम चालणार असेल तर इपॉक्सी प्रायमर घ्या, कारण साधा प्रायमर ओलावा पितो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, पातळ भरा. जाड भरली की चासीच्या हादऱ्यांनी तडकते, आणि ट्रकची केबिन मोटारीपेक्षा किती तरी जास्त हादरते. ओल्या कागदाचे नंबर चढते ठेवा: लांबी १८०-२२०, प्रायमर ४००, शेवटच्या हाताआधी ६००. शेवटी ट्यूबलाइट पत्र्याच्या लांबीला समांतर धरून तिचं प्रतिबिंब बघा. ओल्या पत्र्यावर ती रेघ जिथे वळवळते तिथे खड्डा आहे.

किती रंग, आणि कधी

आमच्या केबिन, बोनेट आणि मडगार्डांचं क्षेत्रफळ आतून-बाहेरून साधारण २५ चौरस मीटर भरलं. डब्यावर लिटरला १० चौरस मीटर लिहिलेलं असेल तर एका हाताला अडीच लिटर, तीन हातांना साडेसात. गनमधून बराच रंग हवेत जातो, म्हणून दहा धरा. आणि सगळा एकदम घ्या.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीला पाच लिटर आणले, कमी पडले, तीन आठवड्यांनी त्याच दुकानातून त्याच नंबरचे आणखी चार आणले. शेडमध्ये काही कळलं नाही. गाडी बाहेर काढली तर बोनेट दारांपेक्षा एक पायरी हिरवा. दोन वेगळ्या दिवशी कालवलेले डबे होते, बस. बोनेट पुन्हा घासावं लागलं. तेव्हापासून मी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओततो, लाकडी फळीने तळापासून ढवळतो, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळतो आणि मगच गनच्या कपात घेतो.

महाराष्ट्रात रंगकामाचा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. कोकणात तर त्याबाहेर विचारच करू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असली, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसलं, तर रंग मारू नये असा नियम आहे. एनसीचा थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार करतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंगावर दुधाळ पांढुरकी साय येते. देशावर थंडीत पहाटे पत्र्यावर दव असतं, ते पूर्ण वाळू द्या. दहा-साडेदहानंतर गन हातात घ्या आणि चारला थांबा, म्हणजे अंधार पडायच्या आत रंग स्पर्शाला वाळतो. उसाच्या पट्ट्यात राहत असाल तर शेजारच्या फडात पाचट कधी पेटवणार आहेत ते विचारून घ्या. ती काळी राख ओल्या रंगावर बसली की निघत नाही.

सिंथेटिकच्या दोन हातांमध्ये घाई नको. अर्धवट वाळलेल्या हातावर दुसरा मारला की तो सुरकुततो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, आणि थंडी असेल तर त्याहून जास्त थांबा.

अक्षरं

गाडीला जीव इथे येतो. उतरवून घेतलेल्या बटर पेपरवर अक्षरांच्या कडेने टाचणीने जवळजवळ भोकं पाडा, कागद दारावर चिकटवा आणि गेरूची किंवा खडूची पूड पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वर थोपटा. रांगोळीच्या छाप्यासारखे ठिपके उमटतात. मग पेंटर ब्रशने भरतो. मजकूर जुनाच ठेवा, स्टिकर कापून लावू नका. प्लॉटरने कापलेलं अक्षर सगळीकडे सारखं असतं. हाताच्या अक्षरात रेघ सुरू होताना जाड असते आणि संपताना निमुळती होते, आणि डोळा ते लगेच ओळखतो. खाली पीयू असेल तर अक्षरांपुरती जागा ८००च्या कागदाने मारून घ्या, नाहीतर इनॅमल धरत नाही.

एक बारीक गोष्ट: मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहिण्यावर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली बंदी आणली. जुन्या फाळक्यावर ते असेल आणि गाडी रस्त्यावर नेणार असाल, तर ती ओळ घरच्या कागदात जपून ठेवा.

रंग झाल्यावर

पहिला महिना साधं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच. सिंथेटिकवर तीन महिने मेण लावू नका. त्याला आतून वाळायला हवा लागते. ताडपत्री रंगावर थेट टाकू नका, तिच्या दोऱ्या वाऱ्याने घासून कडांचा रंग उडवतात.

उरलेला रंग काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरा, हवा राहू देऊ नका. बाटलीवर कागद चिकटवा: कंपनी, शेडचा नंबर किंवा मिश्रणाचं प्रमाण, थिनर कोणता, तारीख, कुठल्या भागाला लावला. तोच मजकूर आरसी बुकाच्या पिशवीतही ठेवा.

आणि वायपरच्या मोटरमागचा तो पंजाएवढा जुना रंग आम्ही घासला नाही. त्याच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावली, नवा रंग तिथपर्यंत आणून थांबवला, आणि मोटर पुन्हा जागेवर बसवली. तुमच्याही गाडीत अशी एक जागा सोडा.